मराठा आणि महार पलटणींचे जुने बिल्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कशापासून करावी?

एक रेजिमेंट आणि एक प्रकार निवडा. "ब्रिटिश काळातले सगळे बिल्ले" असं म्हणून सुरुवात केली, तर वर्षभरात डबा भरतो, पण दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना करावी असं त्यात काही सापडत नाही. या छंदातलं खरं काम तर तुलनेचंच आहे. आमच्या मते मराठी माणसाला मराठा लाइट इन्फंट्री आणि तिच्या आधीच्या पलटणी सोयीच्या पडतात. क्रमांक आणि नावं ठरावीक वर्षांत बदलली, त्यामुळे वस्तूवरूनच काळ बराच कळतो. त्यातही खांद्यावरच्या पितळी टायटलपासून, म्हणजे पलटणीचं नाव किंवा क्रमांक दाखवणाऱ्या पट्टीपासून, सुरुवात करावी. ती शिपायाच्या वर्दीवर असायची, मोठ्या संख्येने बनायची आणि वेगवेगळ्या हातांनी घडायची. अधिकाऱ्यांचे चांदीचे बिल्ले देखणे असतात, पण ते महाग आहेत आणि सर्वांत जास्त नकलाही त्यांच्याच होतात.

नाव आणि क्रमांकावरून काळ कसा ओळखायचा?

1903 मध्ये लष्कराची फेररचना झाली आणि मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत 100 मिळवले गेले. 3 ची 103, 5 ची 105, 10 ची 110, आणि तशाच 114, 116 आणि 117. टायटलवर यांपैकी तीन आकडी क्रमांक असेल तर काळ 1903 ते 1922. 1922 मध्ये या सहा पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. 103 ही पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. 105 ही दुसरी, "काळी पाचवी" या टोपणनावाची. 110 तिसरी, 116 चौथी, 117 पाचवी. 114 ही दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली. बिल्ल्यावर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावासोबत 5 आकडा असेल तर तो 1922 नंतरचा. दुसरं महायुद्ध संपता संपता हा आकडाही गेला आणि फक्त मराठा लाइट इन्फंट्री हे नाव उरलं.

इंग्रजी अक्षरंही मदत करतात. ब्रिटिश काळात "मराठा" या शब्दात जादा एच आणि दोन टी असायचे, उच्चार "महरट्टा" व्हावा असे. स्वातंत्र्यानंतर स्पेलिंग सुधारलं. त्यामुळे नवं स्पेलिंग आणि मुकुट एकाच बिल्ल्यावर दिसले तर थांबा.

117 पलटणीला "रॉयल" हा मान मेसोपोटेमियातल्या कामगिरीसाठी 1921 मध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी 117 हा क्रमांक संपला. म्हणजे 117 आणि रॉयल एकत्र असलेल्या वस्तूंना जेमतेम वर्षभराचा काळ मिळतो. अशी वस्तू कुणी डझनाने विकत असेल, तर त्याचा अर्थ उघड आहे.

मुकुट कसा वाचायचा?

व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी किंचित खचलेल्या असतात. 1901 नंतर राजाचा मुकुट आला, त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल वर चढतात. एलिझाबेथच्या काळात ब्रिटनमध्ये पुन्हा खचलेल्या कमानींचा मुकुट आला आणि घोळ इथेच होतो, कारण घाईत पाहिलं तर हा मुकुट आणि व्हिक्टोरियाचा मुकुट सारखेच वाटतात.

आपल्यासाठी मात्र हिशेब सोपा आहे. भारत 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झाला, भारतीय लष्कराच्या चिन्हांवरचा मुकुट गेला आणि अशोकस्तंभावरचे सिंह आले. एलिझाबेथ गादीवर आली 1952 मध्ये. म्हणजे भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर खचलेल्या कमानींचा मुकुट असेल तर तो व्हिक्टोरियाचाच असायला हवा. आणि शेजारी 110 किंवा मराठा लाइट इन्फंट्रीचा 5 हा क्रमांक असेल, तर मुकुट व क्रमांक यांचा मेळ बसत नाही. असा बिल्ला नंतर कुणीतरी चुकीचा नमुना समोर ठेवून बनवलेला आहे.

उलट दिशेने मात्र सवलत द्यावी लागते. नवं चिन्ह मंजूर झालं म्हणून जुने बिल्ले त्याच दिवशी भट्टीत जात नसत. साठा संपेपर्यंत ते वापरात राहत. म्हणून "या तारखेच्या आधी बनला" असं म्हणता येतं, "या तारखेनंतर वापरला नाही" असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

महार रेजिमेंटच्या बिल्ल्यात काय बदल झाले?

चिन्हावरून काळ कळण्याचं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. पहिल्या महायुद्धात उभी राहिलेली 111 महार पलटण 1917 ते 1921 एवढीच टिकली, त्यामुळे तिच्या वस्तू फार दुर्मीळ आहेत. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ऑक्टोबर 1941 मध्ये, बेळगावात. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ आणि "महार" हा शब्द होता. 1946 मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाली. मग स्तंभावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगन आणि खाली मशिनगन रेजिमेंट असं नाव लिहिलेली फीत आली. पुढे स्तंभ गेला आणि त्याच्या जागी कट्यार आली.

पहिल्या नमुन्याचा काळ जेमतेम पाच वर्षांचा आणि तोही युद्धाचा. आंबेडकरी चळवळीमुळे कोरेगावच्या स्तंभाला जे स्थान आहे, त्यामुळे या बिल्ल्याला मागणी मोठी आहे आणि आठवण म्हणून काढलेल्या नव्या प्रतीही भरपूर आहेत. आठवणीची वस्तू म्हणून त्या घेण्यात काहीच वावगं नाही. फक्त 1941 चा बिल्ला म्हणून आणि 1941 च्या किमतीला घेऊ नका.

ओतीव बिल्ला म्हणजे नकली, हे खरं का?

नाही. भारतीय बिल्ल्यांच्या बाबतीत हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. ब्रिटिश पलटणींचे बिल्ले प्रामुख्याने बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारखान्यांत पत्र्यावर पोलादी ठसा मारून बनायचे. तिथल्या संग्राहकांनी "ओतीव दिसला की टाका" हा नियम केला आणि त्यांच्यापुरता तो बऱ्याच अंशी बरोबरही आहे. भारतात मात्र छावणीजवळच्या बाजारातला कारागीर वाळूच्या साच्यात पितळ ओतून, कानस मारून, पाठीवर टोपीला अडकवायच्या कड्यांना डाख देऊन पलटणीला बिल्ले पुरवत असे. तेच शिपायांनी घातले. ते अस्सलच आहेत. तो नियम इथे आणला, तर आपल्याच कारागिरांचं काम आपण कचऱ्यात टाकतो.

प्रश्न "ओतीव की ठशाचा" हा नसून "ओतीव असेल तर कधीचा" हा आहे, आणि तो जास्त अवघड आहे.

ठशाचा आणि ओतीव हे वेगळे कसे ओळखायचे?

आधी मागची बाजू पाहा. पत्र्यावर ठसा मारला की समोरचं चित्र मागे उलटं आणि खोलगट उमटतं. ओतीव बिल्ल्याची पाठ बहुधा सपाट, रवाळ आणि भरीव असते. मग 10 पट भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहा. ठशात अक्षर पार्श्वभूमीतून काटकोनात उठतं, ओतकामात तो कोपरा गोलसर होतो.

आरपार मोकळी जागा असेल तर तिच्या भिंती तपासा. कारखान्यात ती पंचाने कापलेली असते, म्हणून भिंतीवर उभ्या, समांतर, बारीक रेघा दिसतात. हाताने काढलेली असेल तर करवतीच्या तिरक्या रेघा आणि कोपऱ्यात करवत वळवल्याची खूण दिसते. ओतताना मोकळी सोडलेली जागा गुळगुळीत आणि उतरती असते.

आता खड्डे आणि उंचवटे. वाळूच्या ओतकामात वायू अडकून खोल खड्डे राहतात. ठसा जुना होऊन गंजला, तर गंजाने ठशात पडलेले खड्डे बिल्ल्यावर उंच फुटकुळ्या होऊन येतात. ठशाला तडा गेला तर बिल्ल्यावर उंच रेघ येते. म्हणून सपाट पार्श्वभूमीवर बारीक उंच पुरळ दिसलं, तर तो वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या खऱ्या जुन्या ठशावरून नंतर काढलेला असू शकतो. अशा बिल्ल्यांनी भलेभले फसतात, कारण चित्र शंभर टक्के बरोबर असतं.

मोजमाप कशासाठी घ्यायचं?

पितळ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. ठशाच्या 40 मिमी उंच बिल्ल्याचाच साचा करून ओतलं, तर नवा बिल्ला 39.2 ते 39.4 मिमी भरतो. डिजिटल कॅलिपरवर हा फरक आरामात कळतो. उंची, रुंदी आणि दोन कड्यांमधलं अंतर, तिन्ही मोजा, प्रत्येक तीनदा. घासून झिजलेल्या बिल्ल्याची उंची कमी भरते, पण चित्रातल्या दोन ठरावीक बिंदूंमधलं अंतर झिजेने फारसं बदलत नाही. म्हणून मुकुटावरच्या क्रुसाच्या मध्यापासून फितीतल्या ठरावीक अक्षरापर्यंत असं आतलं माप जास्त भरवशाचं.

एक सावधगिरी. बाजारातला जुना कारागीरही अनेकदा विलायती बिल्ल्यावरूनच साचा करायचा. त्यामुळे आकसलेलं माप "हा ओतीव आहे" एवढंच सांगतं. तो 1930 चा की परवाचा, हे त्यावरून ठरत नाही.

मग ओतीव बिल्ल्याचं वय कशावरून ठरवायचं?

झीज आणि मळ यांवरून. रोज पॉलिश होणारा बिल्ला उंच जागी झिजतो, अक्षरांची टोकं मऊ होतात आणि खोल जागी जुन्या पॉलिशचा पांढरट-हिरवट, दगडासारखा घट्ट मळ बसतो. कडेवर कानशीच्या खुणा असतील, तर त्यांच्या धारा बोथट झालेल्या असायला हव्यात. कड्यांच्या आतल्या बाजूला पिन घासून खाच पडते. कडी चकचकीत, गोल आणि नव्यासारखी, पण समोर भयंकर झीज, असा जोड असेल तर एकतर कडी बदलली आहे किंवा झीज कृत्रिम आहे. कडी बदलली असेल तर शेजारी जुन्या डाखाचा डाग सापडतो.

गंधकाच्या रसायनात बुडवून काळा केलेला बिल्ला सगळीकडे सारखाच तपकिरी दिसतो. खऱ्या वयाचा रंग असा एकसारखा नसतो. बोटं लागतात तिथे उजळ, डाखाभोवती वेगळा, कापडाला टेकणाऱ्या पाठीवर आणखी वेगळा.

मागच्या कड्या, पट्टी, स्क्रू यांवरून काय कळतं?

तांब्या-पितळेच्या दोन कड्या आणि त्यांतून जाणारी दुटांगी पिन ही सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त काळ टिकलेली सोय. टोपीच्या खाचेत सरकवायची उभी पट्टी ब्रिटिश टोप्यांबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. मळसूत्राचा खांब आणि त्यावर नट ही रचना स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय बिल्ल्यांत सर्रास दिसते. दोन बाजू चिमटीत दाबून निघणारी फुलपाखरी पकड दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, अमेरिकेतून आलेली. 1903 च्या क्रमांकाला ती लागली असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

कड्या आडव्या आहेत की उभ्या, त्यांची तार गोल आहे की चपटी, हे जरूर नोंदवा. एकाच चित्राचे दोन बिल्ले समोरून जुळे दिसतात, पण कड्यांमधलं अंतर 4 मिमीने वेगळं असतं. ते दोन कारखाने किंवा दोन कंत्राटं असण्याची शक्यता मोठी.

धातू घरी कसा ओळखायचा?

रंगावर विसंबू नका, घनता काढा. 0.01 ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा, छोटा प्लास्टिकचा पेला आणि दोरा एवढं पुरतं.

आधी बिल्ला कोरडा तोला, समजा 14.20 ग्रॅम भरला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. बिल्ला दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असा धरा. काट्यावर येणारा आकडा, समजा 1.65, म्हणजे बिल्ल्याचं घनफळ. 14.20 भागिले 1.65 बरोबर 8.6. पितळ साधारण 8.4 ते 8.7, जर्मन सिल्व्हर (नावात सिल्व्हर असलं तरी यात चांदी नसते) 8.5 ते 8.8, स्टर्लिंग चांदी 10.3 च्या आसपास, नकलांसाठी वापरला जाणारा जस्ताचा मिश्रधातू 6.6 च्या आसपास, ॲल्युमिनियम 2.7.

चूक हमखास होते ती बुडबुड्यांमुळे. ठशाच्या बिल्ल्याची पाठ खोलगट असल्याने तिथे हवा अडकते आणि घनता खोटी कमी येते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि बिल्ला तिरका करत बुडवा. घनफळात 0.01 चा फरक पडला तरी उत्तर 0.05 ने हलतं. म्हणून या रीतीने पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांच्यात निवाडा करू नका. चांदी किंवा जस्त मात्र नक्की कळतं.

युद्धकाळातले बिल्ले वेगळे असतात का?

हो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धातू आणि मजुरी वाचवण्यासाठी दोन धातूंचे बिल्ले नुसत्या पितळेत काढले गेले. दुसऱ्या महायुद्धात तिकडे प्लास्टिकचेही निघाले. भारतात काम स्थानिक कारागिरांवर आणखी पडलं, म्हणून त्या काळातले भारतीय बिल्ले ओबडधोबड असतात. अक्षरं वाकडी, पाठीला कानस न लावलेली, डाख सांडलेला. कळा नाही म्हणून ते बाजूला टाकू नका. कारागिरीतले फरक अभ्यासायचे असतील तर सर्वांत जास्त ऐवज यांतच आहे.

कारखान्याचा शिक्का असेल तर अस्सल समजायचं का?

शिक्का हा एकटा पुरावा होत नाही. बर्मिंगहॅमची जे. आर. गाँट अँड सन, लंडनची फर्मिन अँड सन्स ही नावं खरी आहेत आणि या कारखान्यांनी भारतीय पलटणींचं कामही केलं. पण नंतरच्या काळात काढलेल्या बिल्ल्यांच्या पाठीवरही गाँटचं नाव ठळक छापलेलं सापडतं. चांदीवरचे हॉलमार्क जास्त उपयोगी आहेत. बर्मिंगहॅमचा नांगर, स्टर्लिंगचा चालता सिंह, वर्षाचं अक्षर आणि कारखान्याची आद्याक्षरं असे चार शिक्के असायला हवेत. वर्षाचं अक्षर पलटणीच्या नावाच्या काळाशी जुळवून पाहा. शिक्के ओतीव, म्हणजे गुळगुळीत आणि अर्धवट भरलेले असतील, तर अख्खा बिल्लाच साच्यातून आलेला आहे.

चिंच, लिंबू किंवा भांडी उजळायची पावडर लावून साफ करावं का?

कृपया नको. आम्ल पितळेतलं जस्त आधी खातं आणि वर गुलाबीसर तांबं उघडं पडतं. तो रंग परत येत नाही. पावडरीतले कण अक्षरांच्या धारा आणि ठशाच्या बारीक खुणा घासून नेतात, म्हणजे ज्यावरून बिल्ला ओळखायचा तेच जातं.

अमोनिया असलेलं द्रव पॉलिशही टाळा. ताण शिल्लक असलेल्या पितळेला अमोनियाच्या वाफेने तडे जातात. हा प्रकार लक्षात आला तो ब्रिटिश हिंदुस्थानातच. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप चिरायची, कारण घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा. त्याचा शास्त्रीय उलगडा 1921 मध्ये झाला. ठशाखाली दाबलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यातही असाच ताण अडकलेला असतो.

करायचंच असेल तर एवढं करा: डिस्टिल्ड पाण्यात तासभर, मऊ ब्रश, पुन्हा स्वच्छ पाणी, मग लगेच ॲसिटोनमध्ये बुडवून कोरडं. मीना किंवा रंग असेल तर ॲसिटोन वापरू नका. हिरवं जंगाल असेल तर बिल्ला आठवडाभर खनिज तेलात ठेवा आणि मऊ झालेलं जंगाल बांबूच्या टोकदार काडीने काढा. सुई वापरू नका, ओरखडा पडतो. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात साठवण कशी करावी?

झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, पॉलिथिनच्या छोट्या पिशव्यांत, सिलिका जेल घालून. डब्यात स्वस्त आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा 45 च्या वर जाऊ देऊ नका. रंग बदललेलं जेल 120 अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा चालतं.

मऊ पीव्हीसीचे अल्बम, रबरबँड, लोकरीची फेल्ट, वर्तमानपत्र आणि प्लायवुडचे खण टाळा. पीव्हीसीने पितळेवर हिरवा चिकट थर येतो. रबर आणि लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लायवुडमधून आम्लाची वाफ सुटते. देव्हाऱ्याजवळच्या कपाटातही नको. धूर आणि तेलाचा थर धातूवर बसतो.

कापडी बिल्ल्यांवर अतिनील दिवा चालतो का?

अर्धवट. नव्या कृत्रिम धाग्यातली चकाकणारी द्रव्यं निळसर उजळतात. पण खरा जुना कापडी बिल्ला अलीकडे कपड्याच्या पावडरीत धुतला असेल तरी तो उजळतो. न उजळणं ही जमेची बाजू आहे, उजळणं हा मात्र निकाल नव्हे.

विक्रेता सांगतो तो इतिहास किती मानायचा?

वस्तूला चिकटलेला कागद असेल तेवढा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतल्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात असो वा मुंबईच्या चोर बाजारात, 5 क्रमांकाचा कुठलाही बिल्ला "इटलीहून आलेला" होतो. पाकीट, पत्र, पेबुक (शिपायाची पगाराची वही), वर्दीवरचा फोटो यांपैकी काही सोबत असेल तर ते बिल्ल्यापासून कधीच वेगळं करू नका. एखाद्या घरातून संच येत असेल तर तो फोडूही नका. सातारा-रत्नागिरीकडच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेतून एकत्र निघालेले चार साधे बिल्ले एकमेकांचा काळ ठरवतात. वेगवेगळे विकले की ते चार साधे बिल्लेच उरतात.

कायद्याचं काय?

दोन गोष्टी. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 प्रमाणे 100 वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि असा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. 1903 ते 1922 च्या टायटलांनी ही मर्यादा ओलांडली आहे, म्हणून परदेशातल्या मित्राला पोस्टाने पाठवण्याआधी विचार करा. दुसरी, आपण सैनिक आहोत असा समज व्हावा म्हणून लष्करी पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. बिल्ले खणात ठेवायचे, छातीवर लावायचे नाहीत.

नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक बिल्ल्याला एक ओळ: क्रमांक, आतलं आणि बाहेरचं माप 0.1 मिमीपर्यंत, वजन, घनता, घडणीचा प्रकार, कड्यांचा प्रकार व अंतर, शिक्के, ठशातले दोष, कुठून, कधी, किती रुपयांना.

फोटो समोरून आणि पाठीमागून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. दिवा डावीकडून, टेबलापासून 15 ते 20 अंशांच्या उतारावर. समोरून फ्लॅश टाकला तर उठाव सपाट दिसतो. दर वेळी दिवा त्याच बाजूला ठेवा, कारण पुढे दोन फोटो एकावर एक ठेवून ठशाच्या खुणा जुळवायच्या आहेत. एकाच ठशाच्या दोन बिल्ल्यांत तडा त्याच जागी असतो आणि नंतरच्या बिल्ल्यात तो लांबलेला असतो. अशा तीन-चार बिल्ल्यांवरून ते कुठल्या क्रमाने बनले हे लावता येतं, एकावरही तारीख नसताना.

बिल्ल्यावर क्रमांक कसा घालावा?

धातूवर काहीही लिहू किंवा चिकटवू नका. आम्लरहित कागदाची छोटी चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, पांढऱ्या सुती दोऱ्याने कडीत बांधलेली. कडी नसेल तर चिठ्ठी पिशवीत, लिहिलेली बाजू बाहेर करून.